ओबेद स्टॅम्परच्या वतीने

३ एप्रिल १८०९, सोमवार. सकाळ.

ठरलं. ऑगस्टच्या इलेक्शनला उभा राहतो. फ्रँकफर्टला भरणाऱ्या केंटकीच्या असेंब्लीत आमच्या काउंटीची जागा एकच, आणि तिला शोभेल असा माणूसही एकच. नाव लिहीत नाही. रोजनिशी माझीच आहे.

घराण्याचा विचार करता उशीरच झाला. व्हर्जिनियात आमच्या वडिलांना लोक हॅट काढून वाट देत. ते गेल्यावर तंबाखूचा मळा, घोडे आणि चौदा गुलाम थोरल्या भावाने घेतले. माझ्या वाट्याला घड्याळ आलं. तेही मागे पडतं. म्हणून डोंगर ओलांडून केंटकीत आलो, की इथे तरी ऑगस्टिन बेरीमन म्हणजे कोण ते लोकांना कळेल. अकरा वर्षं झाली. लोकांच्या जमिनीचे कागद लिहून देतो. कळेलच आता.

लुक्रेशियाला बातमी सांगितली. ती मागावर बसली होती. मान वर न करता म्हणाली, बरं. बायकोने एकदा तरी धोटा खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहावं, एवढीच इच्छा आहे. मेंबर झाल्यावर पाहीलच.

निर्धार: रोज पाचला उठणे. भाषण पाठ करणे, रोमन दाखल्यांसकट. मतांसाठी कुणालाही दारू न पाजणे. तत्त्व म्हणजे तत्त्व.

४ एप्रिल

सव्वाआठला उठलो. घड्याळाचा दोष.

९ एप्रिल

लेक्सिंग्टनच्या शिंप्याला कोटाची ऑर्डर पाठवली. निळं इंग्रजी कापड, पितळेची आठ बटणं. लुक्रेशियाने हिवाळाभर सूत कातून माझ्यासाठी एक कोट शिवून ठेवलाय, अक्रोडाच्या टरफलात रंगवलेला, तपकिरी. म्हणाली, फ्रँकफर्टच्या मेंबरांनी ठराव केलाय म्हणे, इंग्रज आपली जहाजं अडवतात तोवर घरचंच कापड अंगावर घालायचं. मी म्हटलं, ठराव करायला काय जातं. तुझा कोट शेतात घालीन. तिने घडी करून पेटीत ठेवला. रागावली नाही. निदान काही बोलली नाही, म्हणजे तेच.

१७ एप्रिल. दुपार.

मेव्हणा फील्डिंग आला. आधी दोन वेळा वाढून घेऊन जेवला आणि मग म्हणाला, दाजी, एक ऐकलं का, ओबेद स्टॅम्परपण उभा राहतोय.

हसलो. बराच वेळ हसलो. लुक्रेशिया म्हणाली, अहो, ठसका लागेल.

ओबेद स्टॅम्पर म्हणजे आमच्या घराखाली लॉरेल नदीवर दोर ओढून नाव चालवणारा. उत्तर कॅरोलिनातून अनवाणी आलेला माणूस. आडनावाचं स्पेलिंग विचारलं तर आकाशाकडे बघतो. त्याच्या नावेचा परवानाही मीच लिहून दिलाय. वर माझं वळणदार अक्षर आणि खाली त्याची फुली. आणि हा असेंब्लीत जाणार.

का उभा राहतोय तर म्हणे नदीवर पूल हवा. नावाड्याला पूल हवा. स्वतःच्या पोटावर स्वतःच पाय. यावरून अक्कल कळते.

१८ एप्रिल

खिडकीतून नाव दिसते. सहज लक्षात आलं, येणारा-जाणारा प्रत्येकजण ओबेदला हात करतो. सकाळपासून एकतीस जणांनी केला. मला मत्सर वाटत नाही, तो माझा स्वभाव नाही. फक्त नोंद करतो.

आमचा कुत्रा सीझर दुपारी पोहत नावेवर गेला. संध्याकाळी ओबेदच्या शेजारी बसून परत आला. कुत्र्याला मत नसतं.

२४ एप्रिल

निर्णय: इलेक्शन होईपर्यंत स्टॅम्परच्या नावेत पाय ठेवणार नाही. कोर्टाचं गाव पलीकडे आहे, तर वरच्या बाजूला नदी उथळ आहे, त्या उतारातून घोड्यावर जाईन. सहा मैल जास्त पडतात, पण स्वाभिमानाला मैल नसतात.

२५ एप्रिल

उताराला पाणी होतं. घोडा पलीकडे पोचला. मीही पोचलो, पण वेगळा.

१५ मे. कोर्टाचा दिवस.

आज पहिलं जाहीर भाषण. सगळी काउंटी जमली होती. पावणेदोन तास बोललो. रोमच्या स्थापनेपासून सुरू केलं आणि बरोबर वेळेत सीझरच्या खुनापर्यंत आलो. (सीझरचं नाव ऐकून कुत्रा भुंकला. लोक हसले. तेवढंच हसले.) मिलवाला म्हातारा सायलस ग्रीर शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत होता. चिंतन करत असावा.

मग ओबेद उभा राहिला. हॅट हातात घेऊन म्हणाला, मला काही बोलता येत नाही. मार्चच्या पुरात नाव बंद होती, तेव्हा पलीकडे हॉकिन्सबाईचं मूल अडलं आणि सुईण अलीकडे उभी राहिली. पूल असता तर पोचली असती. एवढंच. आणि खाली बसला.

एक मिनिटही बोलला नाही. दोन-तीन बायका ॲप्रनने डोळे पुसत होत्या. लुक्रेशियाही. धूळ फार होती आज.

नक्की मतांची लिस्ट केली: शहाण्णव.

२ जून

तत्त्वाचा पुन्हा विचार केला. खुद्द वडील इलेक्शनला पिंप फोडत. म्हणजे पाहुणचार वेगळा आणि पाजणं वेगळं. शनिवारी पंचवीस जणांना पीच ब्रँडीला बोलावलं. ब्रँडी कमी होती म्हणून विहिरीचं थोडं पाणी घातलं. नंतर आणखी थोडं.

फील्डिंगकडून कळलं, गावात म्हणतायत, बेरीमनसाहेबांकडे जाऊन या, चढलेली उतरते.

उपकाराची जाणीवच नाही लोकांना.

११ जून

ओबेद नावेत लोकांना गायीची गोष्ट सांगतो, ती मीही सांगायची ठरवलं. गाय मध्येच नावेतून उडी मारते आणि मालक म्हणतो, तिला पलीकडे जायचंच नव्हतं, मीच आग्रह केला. लोक पोट धरधरून हसतात, हे खिडकीतून मी बघितलंय. मिलवर नीट सावकाश सांगितली, नदीच्या रुंदीसकट. मग सायलस ग्रीरने काळजीने विचारलं, साहेब, गाय वाचली ना.

२० जून

नवा कोट आला. काखेत घट्ट आहे, पण ऐट आहे. घालून आरशापुढे उभा राहिलो. लुक्रेशियाला विचारलं, कसा दिसतो. ती म्हणाली, हात खाली येतात का बघा. थोडे येतात.

गावात एकाने विचारलं, साहेब, इंग्रजाचं कापड का. मी त्याला कापडाचा आणि राजकारणाचा संबंध नाही हे समजावून सांगितलं. अर्धा तास लागला. लिस्टमधून त्याचं नाव खोडलं.

४ जुलै. रात्र.

आज स्वातंत्र्यदिनाचं जेवण. कोर्टामागच्या झाडीत डुकराचं मांस, मक्याची भाकरी आणि बंदुकीचे बार. नेमाचे टोस्ट संपले की कुणीही पेला उंचावून उठावं, आपला टोस्ट म्हणावा आणि मग सगळ्यांनी प्यावं, हा रिवाज. माझा टोस्ट सव्वा पानाचा होता. वॉशिंग्टनपर्यंत आलो तेव्हा पेले रिकामे झाले होते. हात वर धरून दुखले म्हणून लोकांनी मधेच पिऊन टाकलं.

ओबेद उठला. म्हणाला, ज्यांनी हे रांधलं आणि ज्यांना मत नाही, त्यांना.

पलीकडच्या टेबलावर बायका बसल्या होत्या. लुक्रेशियाने मान वर करून पाहिलं. नीट पाहिलं. अकरा वर्षं ज्याची वाट बघतोय ते पाहणं मी आज बघितलं, आणि ते पाच हात डावीकडे गेलं.

खरं लिहितो. तो वाईट असता तर बरं झालं असतं. त्याच्यात काहीतरी खोट असणारच. शोधतो.

२२ जुलै

खोट शोधतोय. फील्डिंगला कामाला लावलं. त्याचा रिपोर्ट: ओबेद झोपेत घोरतो.

लिस्ट: एकाहत्तर. मनातल्या मनात शहाण्णवच धरतो, कारण काही लोक लाजाळू असतात.

३० जुलै

रामबाण सुचला.

आमच्याकडे मत भर कोर्टात, शेरीफसमोर, मोठ्याने द्यायचं असतं. उमेदवार शेजारच्या बाकावर बसतात. ज्याचं नाव पुकारलं जाईल त्याने उठून, वाकून मत देणाऱ्याचे आभार मानायचे. आणि खानदानी उमेदवार स्वतःचं मत समोरच्याला देतो. स्वतःचं नाव स्वतः घेणं म्हणजे स्वतःच स्वतःची पाठ थोपटणं. वडिलांनी कधी केलं नाही.

तर प्लॅन असा. दार उघडल्याबरोबर पहिलं मत मी देणार, ओबेदला. नुसतं देणार नाही, त्याची अशी काही स्तुती करणार की लोक म्हणतील, केवढं हे मन. असा माणूस सोडून नावाड्याला कोण मत देईल? ओबेदला तर शरमेने मान वर करता येणार नाही. एका मताच्या बदल्यात शंभर मतं.

लुक्रेशियाला सांगितलं. ती म्हणाली, अहो, बोलायचं ते थोडक्यात बोला. राजकारण तिला कळत नाही.

६ ऑगस्ट, रविवार

स्तुती पाठ झाली. फारच छान झालीय. आरशासमोर म्हणताना माझेच डोळे भरून आले. उद्या लवकर उठायचं.

७ ऑगस्ट, सोमवार. रात्र.

उतारावर छातीएवढं पाणी होतं. कोर्टात पोचलो तेव्हा कोट पिळून निघत होता आणि शर्ट निळा झाला होता. पण वेळेवर पोचलो. बाकावर मी एकटा. ओबेद नव्हता. त्याचा निरोप होता, अलीकडची सगळी माणसं मत द्यायला येणार, त्यांना फुकट पलीकडे आणतोय, शेवटच्या खेपेला येईन.

शेरीफने दार उघडलं. मी उठलो. बोललो. गृहस्थहो, ज्याने पुरात आपली गुरं, काळोखात आपल्या सुइणी आणि वर्षभर आपलं पीठ पलीकडे नेलं, त्याच्यापुढे हा बेरीमन कोण? असा माणूस असेंब्लीत नाही हे असेंब्लीचं दुर्दैव. त्याच्या वतीने कुठलीही सेवा करण्यात मी धन्यता मानीन. माझं मत, ओबेद स्टॅम्पर.

कुणीतरी नाक ओढलं. मला वाटलं, जिंकलो.

पहिला पुढे आला सायलस ग्रीर. माझ्या लिस्टमधलं एक नंबरचं नाव. म्हणाला, मी साहेबांना मत द्यायला आलो होतो. पण एवढा शिकलेला माणूस, स्वतः उभा असून, असं सांगतोय, तर त्यांचं ऐकायला हवं. ओबेद स्टॅम्पर.

मग शेरीफ म्हणाला, आभार कोण मानणार, ओबेद तर नदीवर आहे. आणि माझ्याकडे बघून म्हणाला, बेरीमनसाहेब, तुम्हीच आत्ता म्हणालात, त्याच्या वतीने कुठलीही सेवा.

सगळं कोर्ट माझ्याकडे बघत होतं. माघार कशी घेणार. उठलो, वाकलो, म्हणालो, ओबेद स्टॅम्परच्या वतीने मी आपला आभारी आहे. शेरीफ काटेकोर माणूस; म्हणाला, पहिल्या मताचेही राहिलेत. ते मत माझंच होतं. त्याचेही मानले.

पुढे रांगच लागली. जो येई तो आधी माझा हात हातात घेई. साहेब, काय बोललात. साहेब, डोळे उघडलेत. आणि मग, ओबेद स्टॅम्पर. मी उठतोय, वाकतोय, बसतोय. कोट वाळता वाळता आटत चाललेला. तिसाव्या आभाराला पहिलं बटण उडालं आणि शाईच्या दौतीत पडलं. साठाव्याला काखेत उसवलं.

फील्डिंग आला. मी डोळ्यांनी खुणावलं. भुवयांनीही खुणावलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, दाजी, तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय का. ओबेद स्टॅम्पर. फुकट जेवलेलं एकेक जेवण डोळ्यांपुढून गेलं. त्याचेही आभार मानले.

इलेक्शन तीन दिवसांचं असतं, पण आमच्याकडे सगळे पहिल्याच दिवशी येतात. दुसऱ्या दिवशी दारू उरत नाही. सूर्य कलला तेव्हा ओबेदला एकशे बेचाळीस. मला काहीच नाही. माझी तीन बटणं शिल्लक.

तेव्हा ओबेद आला. दोराने तळवे सोलवटलेले. आकडा किती झाला हे त्याने विचारलं नाही. हात पँटला पुसून शेरीफसमोर उभा राहिला आणि म्हणाला, ऑगस्टिन बेरीमन.

शेरीफने पुन्हा विचारलं. ओबेद म्हणाला, बरोबर ऐकलंत. माझा परवाना यांनी लिहिलाय. मला वाचता येत नाही, पण रात्री काढून बघतो, अक्षर सुंदर आहे. असेंब्लीत लिहिणारा माणूस हवा. पुलाचं कुणी बोलेना म्हणून मी उभा राहिलो, हे पुलाचं बोलणार असतील तर मी घरी जातो.

मी उठलो. दिवसभराची सवय. वाकलो आणि म्हणालो, ओबेद स्टॅम्परच्या वतीने मी आपला…

लोक हसले. ओबेदही हसला. मी तिथेच थांबलो. पुढचं वाक्य आठवेना, कारण ते पाठच केलं नव्हतं. स्वतःला मिळालेल्या मताचे आभार मानायची वेळच आली नव्हती दिवसभरात. नुसता वाकलो. बराच वेळ वाकून राहिलो, कारण चेहरा नीट होत नव्हता.

घरी नावेतून आलो. उताराला पाणी वाढलं होतं, म्हणून. त्याच्या हातातून रक्त येत होतं. अर्ध्या नदीत मी दोर धरला. मदत म्हणून नाही, तोल जाऊ नये म्हणून.

९ ऑगस्ट

विश्लेषण: माझ्या भाषणाचा प्रभाव एवढा पडला की शंभर टक्के लोकांनी माझं ऐकलं. असा वक्ता या काउंटीत झाला नाही. लुक्रेशियाला हे सांगितलं. ती म्हणाली, सांगितलं होतं, थोडक्यात.

२० नोव्हेंबर

संध्याकाळी ओबेद दारात. दोन आठवड्यांनी असेंब्ली सुरू होतेय आणि त्याच्याकडे कोटच नाही. हरणाच्या कातड्याचा सदरा आहे फक्त. म्हणाला, शेजारबुवा, तुमचा जुना-पुराना काही असेल तर. मी निळा पुढे केला. त्याने एक हात घातला, तो कोपरापर्यंतच गेला.

लुक्रेशिया उठली, पेटी उघडली आणि तपकिरी कोट काढला. माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, दे की. म्हणजे तो कोट मीच दिला, असं इथे नोंदवून ठेवतो.

खांद्यात थोडा कमी पडला. तिने शिवण उसवून तिथेच मोकळा केला. आत चार बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं. मी विचारलं, एवढं कशाला राखलं होतंस. ती म्हणाली, तुम्ही मेंबर झालात की खाणंपिणं सुधारेल, अंग भरेल, म्हणून.

हे मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी.

कोट त्याला असा बसला की मी खिडकीकडे जाऊन उभा राहिलो.

निघताना ओबेद म्हणाला, फेब्रुवारीपर्यंत नाव कोण बघणार ही पंचाईत आहे. दोराला भरवशाचा माणूस हवा, आणि त्या दिवशी तुम्ही छान धरला होता.

अर्थातच नाही म्हणणार.

११ डिसेंबर, सोमवार

थंडी. सकाळपासून चौदा खेपा. तळवे सोलवटले. निळ्या कोटाला एकही बटण उरलेलं नाही, वारा सरळ आत येतो.

सत्तावीस जणांनी हात केला. मोजले नाहीत, सहज लक्षात आलं. सव्वीस जणांनी विचारलं, ओबेद कधी येणार. सत्ताविसावा म्हातारा सायलस होता, त्याने विचारलं, गाय वाचली ना. वाचली, म्हणालो. तो हसला. मी गोष्ट नव्याने सांगितली, या वेळी रुंदी गाळून. नावेतले दोघे हसले. एक तर नक्की.

दुपारी लुक्रेशिया सूत विकायला पलीकडे निघाली. नावेत एकटीच. मी ओढत होतो, ती माझ्याकडे बघत होती. मान वर करून, नीट, पूर्ण नदीभर. रोमन दाखला एकही आठवला नाही.

काठाला लागल्यावर ती म्हणाली, अहो, त्या ओबेदला तिकडे थंडीत पुरत असेल ना हो तो कोट.

म्हणालो, पुरेल. तू शिवलेला आहे.

आणि नाव परत वळवली, पलीकडे माणसं थांबली होती.